मेल आला नाही, म्हणजे सगळं ठीक

नाशिकमध्ये मला कोणी मेल फॉरवर्ड करत नाही, स्क्रीनशॉट पाठवतात. सर्व्हरने परत धाडलेल्या इंग्रजी चिठ्ठीचा फोटो, बहुतेकदा तिरका, कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा, आणि खाली एकच ओळ: "ताई, हे काय म्हणतंय?" सातपूर-अंबडच्या काही लहान कारखान्यांचं आणि दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्ष पॅकहाउसचं मेलचं काम मी बघते. चिठ्ठीत ५५० किंवा ५०१ असा, पत्र नाकारल्याचा आकडा असतो, पुढे एखादं अर्धवट वाक्य. ज्याला ती चिठ्ठी मिळते त्याला त्यातलं काही दुरुस्त करता येत नाही, आणि ज्याला करता येतं त्याच्यापर्यंत ती जात नाही. माझं पोट बऱ्यापैकी याच फटीवर चालतं, त्यामुळे मी फार तावातावाने बोलू नये हे खरं. पण बोलते.

दोन सर्व्हर एकमेकांशी ठरलेल्या क्रमाने बोलतात. आधी आपलं नाव सांगायचं, मग पाठवणारा कोण, मग घेणारा कोण, मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर एकटं टिंब. टिंब आलं की पत्र संपलं. हा क्रम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहून ठेवला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). मजकुराच्या डोक्यावरच्या ओळी कशा असाव्यात, ते डेव्हिड क्रॉकर यांनी त्याच महिन्यात ८२२ मध्ये लिहिलं. २००१ आणि २००८ मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या, सांगाडा तोच राहिला. पोस्टेल यांचं एक वचन आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं: स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना मन मोठं ठेवा. टीसीपी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी जोडून बोलायची पद्धत, तिच्या १९८१ च्या दस्तऐवजात ते आहे. तेव्हा जोडलेली यंत्रं मोजकी होती आणि ती चालवणारे बरेचसे एकमेकांच्या ओळखीचे. कुणाचं मशीन वेडंवाकडं बोलायला लागलं तर उचलायचा फोन आणि सांगायचं.

पुढे स्पॅम आला आणि मोठं मन परवडेना. सर्व्हरला माणसाची नियत कळत नाही, अक्षर तेवढं कळतं. मग अक्षर तपासणं सुरू झालं.

सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये प्रिंटर, झेरॉक्स आणि स्कॅनर असं तीन-इन-वन मशीन आहे. ड्रॉइंग स्कॅन केलं की ते मशीनच थेट मेल करतं. बसवणाऱ्याने त्याचं नाव ठेवलं होतं सातपूर, मग अंडरस्कोर म्हणजे खालची रेघ, मग स्टोअर. वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. मग मालकांनी स्वस्तात मिळतंय म्हणून होस्टिंग बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून स्कॅनरच्या चिमुकल्या पडद्यावर "पाठवता आलं नाही" एवढंच. स्टोअरच्या माणसाने आधी टोनरवर संशय घेतला, मग केबल बदलून घेतली, मग सरळ पेनड्राइव्ह घेऊन फिरायला लागला.

झालं होतं ते असं. मशीनच्या नावात अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते, खालची रेघ चालत नाही, असा जुना नियम. आता हा नियम किती मानायचा ते सर्व्हर लिहिणाऱ्यावर. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं, १९९८ मध्ये ते बाहेर आलं. त्याच्या कोडमध्ये नाव तपासणाऱ्या भागात अंडरस्कोर चालवून घेतलाय, पण त्या ओळीशेजारी टिपण म्हणून नुसतं एक गुरगुरणं लिहून ठेवलंय: ग्रर्र. मला हे टिपण फार आवडतं. नाराजी नोंदवली आणि पाहुण्याला आत घेतलं. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं एक्झिम हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर मात्र अंडरस्कोर दिसला की ५०१ म्हणून मोकळं होतं. अगदीच गरज असेल तर सूट द्यायची सोय त्यांनी ठेवलीय, पण ती चालू करायला कुणाला तरी माहीत हवं. जुन्या होस्टिंगवर पोस्टफिक्स होतं, नव्यावर एक्झिम. खालची रेघ काढून आडवी टाकली, स्कॅनर पुन्हा बोलायला लागला. मालक म्हणाले, "मग इतकी वर्षं कसं चालत होतं?" याचं उत्तर मी दिलं, पण त्यांना पटलं असं काही वाटलं नाही. नियम तोच, मशीन तेच, आणि एका दारात शुद्ध असलेलं नाव दुसऱ्या दारात अशुद्ध, हे पटण्यासारखं आहेच कुठे?

मराठीत लिहिणाऱ्यांची गंमत आणखी वेगळी. मेलमधली एक ओळ जास्तीत जास्त ९९८ बाइटची (बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजायचं माप), वर ओळ संपल्याच्या दोन खुणा, मिळून १०००. ही मर्यादा १९८२ ची, तेव्हाच्या यंत्रांच्या मापाने आखलेली. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजायचं. एकट्या "त्र्यंबकेश्वर"चे ३९ बाइट होतात. म्हणजे इंग्रजीत जिथे ९९८ अक्षरं मावतात तिथे आपल्या ३३२ खुणा.

एका पतसंस्थेचा मेल पाठवायचा प्रोग्राम कुणाच्या तरी भाच्याने लिहून दिलेला आहे. भाचा पुण्याला नोकरीला लागला, प्रोग्राम मागे राहिला. तो सगळी सूचना एका सलग ओळीत, कच्च्या देवनागरीत ओततो. "संस्थेच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की" इथून सुरू झालेलं वाक्य विषयपत्रिका संपेपर्यंत थांबत नाही हे आपल्याला माहीत आहेच. एक्झिमने ते परत पाठवलं: ओळी वाहून न्यायला फार लांब आहेत. शब्दशः असंच म्हणतं ते. अकाउंट बघणाऱ्या काकूंनी मला विचारलं, "परिच्छेद पाडून पाठवू का?" तर्क बरोबर होता त्यांचा! पण परिच्छेद पडद्यावर पडले तरी प्रोग्राम आतून ओळ तोडत नव्हता.

नाकारणारा सर्व्हर तरी परवडला. काही जुने सर्व्हर लांब ओळ स्वतःच कापतात. सेंडमेल हे जुनं सर्व्हर सॉफ्टवेअर तर कापल्या जागी उद्गारचिन्ह टाकून पुढे जायचं. पत्राच्या मधोमध विनाकारण "!" दिसलं की जुन्या लोकांना लगेच कळायचं. इंग्रजीत तेवढ्यावर भागतं. देवनागरीत तीन बाइटच्या मधूनच कात्री गेली तर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन उरतो. आणि आता पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेलवर डीकेआयएम नावाची डिजिटल सही करतो. वाटेत कुणी मजकुराला असा हात लावला की सही जुळत नाही, आणि चांगल्या मनाने दुरुस्त केलेलं पत्र पुढच्या दारात बनावट ठरतं.

यावर इलाज १९९२ पासून आहे, माइम. मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत गुंडाळून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा. विषयाची ओळही तशीच तुकड्यांत जाते. एक तुकडा ७५ अक्षरांचा, त्यात बाहेरची सजावट वजा जाता ४५ बाइट माल, म्हणजे आपल्या १५ खुणा. "वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना" एका तुकड्यात बसत नाही. पहिला तुकडा काठोकाठ भरला तर तो "सर्वसाध"पाशी संपतो आणि दुसरा काना घेऊन सुरू होतो. नियम म्हणतो अक्षर मधे तोडू नका. संगणकाच्या हिशेबी काना हे स्वतंत्र अक्षर, त्यामुळे नियम मोडत नाही. पलीकडे सगळं नीट जुळतं म्हणून आपल्याला कधी दिसत नाही इतकंच.

देवनागरी ई-मेल पत्त्याबद्दल फार बोलत नाही. पत्त्याचं देवनागरी शेपूट ".भारत" २०१४ मध्ये आलं, त्याच्या दोन वर्षं आधी अशा पत्त्यांसाठी एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरांच्या वर सांगितलेल्या बोलण्याच्या नियमांचा, विस्तार ठरला, पोस्टफिक्समध्ये तो २०१५ पासून आहे. पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला तो कळावा लागतो. बँकेचा किंवा सरकारी फॉर्म अजून अधिक-चिन्ह असलेला साधा इंग्रजी पत्ताही नाकारतो, आणि तो पत्ता नियमाने पूर्ण शुद्ध असतो. तिथे देवनागरीची काय कथा.

आमच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटं छापली जातात, म्हणून टपाल खात्याची एक जुनी रीत मला नेहमी आठवते. पाकिटावर तिकीट कमी लावलेलं असलं तरी पत्र पोचायचं. पोस्टमन दारात उभा राहून जितके पैसे कमी तितक्याचे दुप्पट मागायचा. द्यायचे तर द्या, नाहीतर पत्र परत. चूक पाठवणाऱ्याची, भुर्दंड घेणाऱ्याला, हे काही न्याय्य नव्हतं. पण पत्र आलंय हे तरी घेणाऱ्याला कळायचं आणि निर्णय त्याच्या हातात असायचा. मेलमध्ये या मधल्या वाटेची जागा स्पॅम फोल्डरने घेतली, आणि तिथे कोण फिरकतं?

कडकपणाच्या विरोधात एवढं बोलले, तर दुसरी बाजूही मांडायला हवी. सैलपणाचं बिल डिसेंबर २०२३ मध्ये आलं. ओळ संपल्याच्या दोन खुणा असतात हे वर म्हटलंच. टेलिप्रिंटरच्या काळात एक खूण छपाईचा गाडा मागे आणायची, दुसरी कागद एक ओळ वर सरकवायची. नियमाप्रमाणे मेलमध्ये दोन्ही हव्यात. पण बरीच यंत्रं दुसरी एकटीच पाठवतात आणि बरेच सर्व्हर ते चालवून घेत होते. एसईसी कन्सल्ट या संस्थेच्या टिमो लाँगिन यांनी दाखवून दिलं की इथेच भगदाड आहे. शेवटचं टिंब कुठलं, यावर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या सर्व्हरचं एकमत नसेल तर एका पत्राच्या पोटात दुसरं आख्खं पत्र दडवून नेता येतं, आणि ते दुसरं पत्र भलत्याच विश्वासू माणसाकडून आल्यासारखं दिसतं. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल, तिघांनाही दुरुस्त्या काढाव्या लागल्या. त्याच वर्षी, म्हणजे हे उघड होण्याच्या काही महिने आधी, आरएफसी ९४१३ मध्ये पोस्टेल यांच्या वचनाची उलटतपासणी झाली होती: चुका पोटात घालत गेलात तर त्या चुकाच कायमच्या होऊन बसतात, असा त्याचा सूर. मला तो पटतो.

पण दुरुस्ती लावायची कशी यातही फरक असतो. एका वजनकाट्याचं सॉफ्टवेअर गाडीच्या वजनाची पावती मेल करतं, आणि ओळीच्या शेवटी एकच खूण टाकतं. एकटी खूण दिसली की हाकलून द्या, असा कडक पर्याय लावला असता तर काट्यावर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली असती. पोस्टफिक्सने २०२४ च्या आवृत्तीत मधला पर्याय मूळ म्हणून ठेवला: पत्र संपल्याची खूण मात्र पूर्ण, नियमाप्रमाणेच हवी, मधल्या ओळींत एकटी खूण आली तर ती नीट करून घेऊ. जिथे धोका आहे तिथेच काटेकोरपणा. असं कुणी करतं तेव्हा मला त्या माणसाला मिसळ खाऊ घालावीशी वाटते.

एरवी हा कडकपणा ज्याच्यासाठी आणला त्याला तो लागतच नाही. स्पॅमवाल्यांचं व्याकरण उत्तम असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम आवळले: सही किंवा पाठवणाऱ्या सर्व्हरची नोंद, निदान एक तरी हवं, आणि दिवसाला ५००० च्या वर मेल जीमेलवर धाडणाऱ्यांना आणखी अटी. धंदेवाईक स्पॅमवाल्याला हे सगळं करायला एक दुपार पुरते. अडकतो तो वजनकाटा, ती पतसंस्था. चोर सोडून संन्याशाला फाशी. यात ओळख तपासणं आणि अक्षर तपासणं यांची मी गल्लत करत नाही. निर्यातदाराला "आमचं बँक खातं बदललंय, पैसे इकडे पाठवा" असे बनावट मेल येतात, आणि ते अडवायला ओळख तपासणं लागतंच. तारखेची ओळ आहे की नाही, यावरून चोर ओळखला जात नाही.

आणि तारखेच्या ओळीवरूनच खरी भीती वाटली.

पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंगला तापमान नोंदवणारा एक डबा भिंतीला लावलेला आहे. बागेतून आलेल्या द्राक्षांची उष्णता काही तासांत काढून टाकायची, मग शीतगृहात ० ते १ अंशावर ठेवायची, आणि कंटेनर न्हावाशेव्याला रवाना करायचा. मधे तापमान चढलं तर देठ सुकतो, मणी गळतात, आणि युरोपात पोचेपर्यंत पेटीचा भाव गेलेला असतो. तर तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की डबा मेल करतो. दिवसातून एकदा चाचणीचा मेलही पाठवायचा, पण तो त्रासदायक वाटून कुणीतरी बंद करून ठेवला होता.

ऐन हंगामात रात्री लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. लाइट आली, पण कॉम्प्रेसर आपोआप उठला नाही. तापमान चढत गेलं. डब्याने मेल केला, पुन्हा केला, करत राहिला. एकही पोचला नाही. माल वाचला तो रात्रपाळीच्या पोरामुळे. त्याला भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरकडे येता-जाता बघायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सर्व्हरची लॉग फाइल उघडली. डब्याच्या नावाने ५५० च्या ओळी एकाखाली एक, प्रत्येकीत तेच कारण: तारीख नाही. मेलच्या डोक्यावर दोनच गोष्टी सक्तीच्या आहेत, पाठवणारा आणि तारीख. कंपनीच्या नव्या मेल सर्व्हरवर ती सक्ती कुणीतरी अक्षरशः लागू केली होती. मग आधीचे मेल कसे जात होते? डब्यातल्या घड्याळाची बॅटरी मेलेली होती. लाइट असेपर्यंत घड्याळ चालायचं. लाइट गेली की डबा तारीख विसरायचा, आणि तारीख माहीत नसली की त्याचं सॉफ्टवेअर ती ओळच गाळायचं. म्हणजे ज्या एका प्रसंगासाठी हा डबा भिंतीला टांगलाय, त्याच प्रसंगी त्याचं पत्र अशुद्ध. बाकी वर्षभर शुद्ध.

बरं, ५५० ची चिठ्ठी गेली कुणाला? डबा स्वतःच्या नावाने पाठवायचा, त्या नावाला पेटी नाही. बहुतेक यंत्रांचं असंच असतं, बोलतात पण ऐकत नाहीत. सर्व्हर म्हणतो मी कळवलं होतं, आणि तो खोटं बोलत नसतो. इकडे पॅकहाउसचे मालक, दादा, निवांत, कारण मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक असाच त्यांचा हिशेब, आणि आपण सगळ्यांनीच तो तसा शिकवलेला.

माझं म्हणणं त्या लॉग फाइलपाशी पक्कं झालं. कडक असावंच, पण दार बघून. परक्या सर्व्हरकडून पत्र येतं ते दार, म्हणजे पोर्ट, २५ नंबरचं. आपल्याच माणसांची आणि यंत्रांची पत्रं बाहेर पडतात ते ५८७. या दुसऱ्या दाराचे नियम १९९८ पासून वेगळे लिहिलेले आहेत, आणि त्यांत स्पष्ट मुभा आहे की तारीख नसेल तर घाला, मेसेज-आयडी, म्हणजे पत्राची ओळखखूण, नसेल तर घाला, मग पुढे पाठवा. घरातून निघणाऱ्याला बटण लावून द्यायची सोय नियमवाल्यांनीच ठेवलीय. लोक दोन्ही दारांना एकच कुलूप लावतात, कारण सेटिंगची फाइल एकदाच लिहायचा कंटाळा कमी असतो.

आता तिथे आत एक छोटा सर्व्हर बसवलाय. तो फक्त आवारातल्या यंत्रांचं ऐकतो, सगळा गबाळेपणा पोटात घालतो, तारीख घालतो, ओळींची शेवटं नीट करतो, आणि हे सगळं झाल्यावर सही होते. आधी सही आणि मग दुरुस्ती केली तर सगळं मुसळ केरात. बाहेरून येणाऱ्यांना तिथे दारच नाही. ज्या यंत्राला सूट दिलीय त्याचं नाव, कारण आणि दिल्याची तारीख एका वहीत आहे, म्हणजे यंत्र भंगारात गेलं की सूटही रद्द करता येते. डब्याची बॅटरी बदलली. आणि रोज सकाळी सातला "मी चालू आहे" असा मेल पुन्हा सुरू केला.

यावरून दादांचं आणि माझं अजून वाजतं. त्यांचं म्हणणं, ठीक आहे हे सांगायला रोज मेल कशाला, बिघडलं की सांगा की. मी सांगते, बिघडल्यावर सांगता येईल याची खात्री काय? ते मान डोलावतात. परवा त्यांचा फोन दुसऱ्या कामासाठी हातात घेतला तर दिसलं, सातचा मेल आला की न उघडता थेट कचऱ्यात जावा असा फिल्टर त्यांनी लावून घेतलाय. तो काढला नाही. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत मेल दिसला नाही तर आता आतला सर्व्हरच त्यांच्या मोबाइलवर फोन लावतो, आणि फोन ते उचलतात.